तारकाचिन्हाचा विस्तार कोठे होतो? : दूरस्थ संगणकांवरील फाईलनिवडीचा इतिहास

प्रस्तावना

एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चाळीस संगणक आहेत आणि त्यांतील प्रत्येकावर एका ठरावीक डिरेक्टरीत जुन्या, निरुपयोगी कॉन्फिगरेशन फाईली साठल्या आहेत, अशी कल्पना करावी. कोणत्या संगणकावर अशा किती फाईली आहेत व त्यांची नावे काय आहेत, हे व्यवस्थापकास ठाऊक नाही. ठाऊक आहे तो केवळ त्या नावांचा साचा : सर्व नावांच्या शेवटी ‘.कॉन्फ’ अशी अक्षरे आहेत. तो आपल्या टेबलावरील संगणकावर बसून ‘*.कॉन्फ’ या नमुन्याशी जुळणारी प्रत्येक फाईल चाळीसही संगणकांवरून काढून टाकावी, अशी एकच सूचना लिहितो. सूचना पार पडते. अहवालात एकही चूक दिसत नाही. प्रत्यक्षात मात्र एकाही संगणकावरील एकही फाईल हललेली नसते.

कॉन्फिगरेशनचे स्वयंचलन करणाऱ्या ‘अँसिबल’ या प्रणालीच्या नवख्या वापरकर्त्याच्या वाट्याला येणारा हा अनुभव वरकरणी तांत्रिक वाटतो. तथापि त्यामागे पन्नास वर्षांहून अधिक काळ चालत आलेला एक प्रश्न आहे. तारकाचिन्ह असलेला नमुना हे फाईलचे नाव नव्हे. तो फाईलींच्या संग्रहाला विचारलेला प्रश्न होय. हा प्रश्न कोणत्या संगणकाला, कोणत्या आज्ञावलीला आणि कोणत्या क्षणी विचारला जातो, यावर उत्तर अवलंबून असते. एकच संगणक असताना ‘कोणत्या आज्ञावलीला’ एवढाच वाद होता. संगणक दोन झाले, तेव्हा ‘कोठे’ हा प्रश्न उपस्थित झाला. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

‘ग्लोब’चा उगम

नमुन्यावरून फाईली निवडण्याची कल्पना युनिक्सच्या आधीची आहे. १९६० च्या दशकातील ‘मल्टिक्स’ या कार्यप्रणालीत तारकाचिन्हाचा संकेत रूढ होता. मात्र तो पाळण्याची जबाबदारी प्रत्येक आज्ञेवर स्वतंत्रपणे होती. मल्टिक्स प्रकल्पातून बेल प्रयोगशाळा बाहेर पडल्यानंतर केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्सची उभारणी सुरू केली आणि येथे एक वेगळी व्यवस्था आकारास आली. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या युनिक्स नियमपुस्तिकेच्या काळात ‘/ईटीसी/ग्लोब’ नावाची एक स्वतंत्र आज्ञावली होती. वापरकर्त्याने दिलेल्या आज्ञेत ‘*’, ‘?’ किंवा चौकटी कंस आढळल्यास शेल ती आज्ञा ग्लोबच्या स्वाधीन करीत असे. ग्लोब डिरेक्टरी वाचून नमुन्याच्या जागी जुळणाऱ्या नावांची यादी मांडत असे आणि मग मूळ आज्ञा स्वतःच चालवीत असे. ‘ग्लोबल’ या शब्दाचे हे संक्षिप्त रूप पुढे त्या क्रियेचेच नाव होऊन बसले.

या व्यवस्थेचा लाभ उघड होता. फाईल काढणाऱ्या, दाखविणाऱ्या वा नक्कल करणाऱ्या कोणत्याही आज्ञावलीस नमुन्यांचे नियम ठाऊक असण्याची गरज उरली नाही; तिच्या हाती तयार नावेच पडत. १९८१ च्या एमएस-डॉसमध्ये याच्या उलट प्रकार होता : तेथे नमुना जसाच्या तसा आज्ञावलीकडे जात असे व तिने आपापल्या परीने त्याचा अर्थ लावावा अशी अपेक्षा होती. परिणामी दोन आज्ञावल्या एकच नमुना दोन प्रकारे वाचण्याचा संभव राहिला. युनिक्सच्या मार्गालाही किंमत होतीच. फाईल काढून टाकणाऱ्या ‘आरएम’ या आज्ञेस वापरकर्त्याने नावे एकेक करून लिहिली की केवळ एक तारकाचिन्ह टंकले, हे कळावयास मार्गच नव्हता. त्यामुळे ‘सर्व फाईली काढावयाच्या का?’ असे विचारण्याची संधीही तिला नव्हती. युनिक्सवर पुढे झालेल्या टीकेत हा मुद्दा वारंवार आला, आणि तो खोडून काढणे सोपे नाही.

जुळणारे एकही नाव सापडले नाही तर काय करावे, या बाबतीत आरंभापासून मतभेद राहिले. जुना ग्लोब अशा वेळी काही जुळले नसल्याचे सांगून थांबत असे. बर्कली येथे बिल जॉय यांनी लिहिलेल्या सी शेलनेही तीच रीत ठेवली. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत आलेल्या स्टीफन बोर्न यांच्या शेलने विस्ताराचे काम स्वतःकडे घेतले. पण काही न जुळल्यास तो नमुना तसाच, तारकाचिन्हासह, पुढे धाडू लागला. हा तपशील किरकोळ भासतो. दुसरा संगणक चित्रात आल्यावर मात्र त्याचे परिणाम दूरवर पोहोचले.

येथे मराठी वाचकाच्या दृष्टीने एक अवांतर नोंद करण्यासारखी आहे. ‘?’ हे चिन्ह एका वर्णाशी जुळते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. परंतु वर्ण म्हणजे काय? ‘मराठी’ या शब्दात वाचकास तीन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबात मात्र म, र, काना, ठ व दीर्घ वेलांटी असे पाच संकेतांक आहेत आणि यूटीएफ-८ पद्धतीत ते पंधरा बाइट व्यापतात. शेलला यूटीएफ-८ची भाषास्थिती दिलेली असल्यास या नावास पाच प्रश्नचिन्हे लागतात; ती दिलेली नसून बाइटगणिक मोजणी होत असल्यास पंधरा. तेव्हा दोन संगणकांवरील फाईली हुबेहूब समान असल्या, तरी त्यांची भाषास्थिती भिन्न असल्यास एकाच नमुन्याची दोन उत्तरे येऊ शकतात.

दोन संगणक, एक आज्ञा

१९८३ च्या ४.२ बीएसडी आवृत्तीने ‘आरएसएच’ व ‘आरसीपी’ या आज्ञा रूढ केल्या. आरएसएचद्वारे आपल्या संगणकावरून दुसऱ्या संगणकावर आज्ञा चालविता येऊ लागली, आणि एका आज्ञेच्या वाटेत दोन शेल उभे राहिले : एक अलीकडे, एक पलीकडे. नमुना दोघांपैकी कोणी उलगडावा? आरएसएचच्या नियमपुस्तिकेत याचा निर्वाळा दिलेला होता. अवतरणचिन्हांत न घातलेली विशेष चिन्हे स्थानिक संगणकावर उलगडतील. अवतरणचिन्हांत घातलेली दूरस्थ संगणकावर.

नियम स्पष्ट होता. तरीही तो मनात ठसत नसे, आणि याचे कारण बोर्न शेलच्या वर सांगितलेल्या स्वभावात सापडते. अवतरणचिन्हे विसरून वापरकर्त्याने दूरच्या संगणकावरील ‘*.सी’ फाईलींची यादी मागितली असे समजू. त्याच्या स्वतःच्या डिरेक्टरीत अशी एकही फाईल नसेल, तर स्थानिक शेल नमुना न उलगडता पुढे पाठवी आणि दूरचा शेल तो यथायोग्य उलगडी. आज्ञा चुकीची असूनही उत्तर बरोबर येई. महिनोन्महिने हे चालून जाई. मग एखाद्या दिवशी वापरकर्ता स्वतःकडे एक ‘.सी’ फाईल तयार करी, आणि तीच आज्ञा दूरच्या संगणकाकडे त्या स्थानिक फाईलचे नाव मागू लागे. सी शेल वापरणाऱ्यास मात्र पहिल्याच दिवशी नकार मिळत असे. उशिरा उघड होणाऱ्या चुकीपेक्षा तत्काळ मिळणारा नकार अधिक उपकारक, हे येथे दिसते.

त्याच काळातील फाईल-हस्तांतरणाच्या ‘एफटीपी’ आज्ञावलीने हा संभ्रम अधिक समंजसपणे हाताळला. तेथे अनेक फाईली पाठविण्याच्या ‘एमपुट’ आज्ञेतील नमुना स्थानिक संगणकावर, तर अनेक फाईली आणण्याच्या ‘एमगेट’मधील नमुना दूरस्थ संगणकावर उलगडत असे. म्हणजे अवतरणचिन्हांवर काही अवलंबून नव्हते. फाईली जेथे आहेत तेथे प्रश्न विचारावा, हे तत्त्व क्रियापदातच अंतर्भूत होते.

हेलसिंकी तंत्रविद्यापीठातील तातू य्लोनेन यांनी १९९५ मध्ये ‘एसएसएच’ निर्माण केले, तेव्हा त्यांचा हेतू संदेशवहन सुरक्षित करण्याचा होता. आरएसएचची जागा एसएसएचने व आरसीपीची जागा ‘एससीपी’ने घेतली. मार्ग कूटबद्ध झाला. नमुन्यांची रीत मात्र जुनीच राहिली. एससीपीस दिलेल्या दूरस्थ नावातील तारकाचिन्ह दूरच्या शेलकडूनच उलगडले जात होते. त्याचे परिणाम पुढे पाहू.

स्वयंचलनाची पहिली पिढी : प्रतिनिधी आणि प्रश्न

शेकडो संगणकांवर हाताने आज्ञा देणे अशक्य झाले, तेव्हा कॉन्फिगरेशनचे स्वयंचलन हे स्वतंत्र क्षेत्र उदयास आले. ऑस्लो येथे मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सुरू केलेले ‘सीएफइंजिन’ हे त्यातील आद्य महत्त्वाचे नाव. त्याची रचना अशी होती की प्रत्येक संगणकावर एक प्रतिनिधी आज्ञावली बसविलेली असे. ती धोरण वाचून आपल्याच संगणकावर त्याचा अंमल करी. धोरणात नमुना, फाईलचे वय आणि किती खोलवर शोधावे हे नमूद करून जुन्या फाईली झाडून टाकण्याची सोय होती. नमुना ज्या संगणकावर लागू व्हावयाचा, तेथेच तो उलगडत होता. त्यामुळे ‘कोठे’ हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

ल्यूक कॅनिस यांच्या २००५ मधील ‘पपेट’ने चित्र बदलले. पपेटमध्येही प्रतिनिधी आहे. परंतु नेहमीच्या मांडणीत धोरणाचे संकलन मध्यवर्ती सर्व्हरवर होते आणि प्रत्येक संगणकाकडे केवळ तयार सूची जाते. संकलनाच्या वेळी वापरलेली फाईलवाचनाची फंक्शने सर्व्हरवरील फाईली पाहतात, संबंधित संगणकावरील नव्हे. दूरच्या संगणकावर कोणत्या फाईली आहेत हे संकलनास कळावयाचे असेल, तर ती माहिती तेथील प्रतिनिधीने ‘फॅक्ट’ या रूपात आधीच कळवावी लागते. जुन्या फाईली झाडण्यासाठी पपेटने ‘टायडी’ हा स्वतंत्र प्रकार ठेवला. त्यातील नमुना प्रतिनिधीच्या बाजूला उलगडतो.

२००९ मध्ये आलेल्या ‘शेफ’ची अडचण स्थळाची नव्हती, काळाची होती. शेफच्या ‘रेसिपी’ रुबी भाषेत लिहिलेल्या असून त्या दूरच्या संगणकावरच चालतात. परंतु त्यांचे वाचन व त्यांचा अंमल या दोन वेगळ्या अवस्था आहेत. रेसिपीत थेट लिहिलेला रुबीचा फाईलशोध वाचनाच्या अवस्थेत, म्हणजे कोणतेही काम सुरू होण्यापूर्वी, पूर्ण होतो. त्याच रेसिपीतील आधीच्या पायरीने निर्माण व्हावयाच्या फाईली त्या क्षणी अस्तित्वात नसतात. यादी रिकामी येते आणि दुसऱ्या खेपेस तीच रेसिपी चालविल्यावर ती भरलेली दिसते.

अँसिबल : दोन फेऱ्यांची अट

मायकेल डीहान यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘अँसिबल’ प्रसिद्ध केले. उर्सुला ले ग्विन यांच्या १९६६ च्या कादंबरीतील, अंतराळातील प्रचंड अंतरावरून तत्क्षणी संदेश पोहोचविणाऱ्या यंत्राचे हे नाव. डीहान यांनी प्रतिनिधी आज्ञावलीची अट काढून टाकली. दूरच्या संगणकावर काहीही कायमचे बसवावयाचे नाही. एसएसएचने जोडणी करावयाची, ‘मॉड्यूल’ नावाची लहानशी आज्ञावली तेथे पाठवावयाची, ती चालवावयाची व निकाल परत आणावयाचा. छोट्या संस्थांना ही सुटसुटीत रचना विशेष मानवली. ऑक्टोबर २०१५ मध्ये रेड हॅट कंपनीने अँसिबल ताब्यात घेतले, तोवर त्याचा मोठा प्रसार झालेला होता.

या रचनेत श्रमविभागणी काटेकोर आहे. योजना वाचणे, चल राशींच्या जागी मूल्ये भरणे, कोणत्या यादीवर आवर्तन करावयाचे हे ठरविणे, ही सर्व कामे नियंत्रक संगणकावर होतात. दूरच्या संगणकावर पोहोचते ते केवळ एकेका आवर्तनाचे तयार मॉड्यूल. अर्थात पहिले मॉड्यूल निघण्यापूर्वी यादी नियंत्रकाच्या हाती असावीच लागते. यादी पुरविणारी ‘फाईलग्लोब’ ही सोय म्हणूनच नियंत्रकावरील फाईली पाहते. ती सदोष आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नियंत्रकावरील दहा-वीस कॉन्फिगरेशन फाईली एकत्रितपणे दूरच्या संगणकांवर पोहोचविणे या कामास ती चोख आहे. घोटाळा होतो तो वाचकाच्या मनात. सूचनेच्या डोक्यावर दूरस्थ संगणकांच्या गटाचे नाव असते, सूचनेतील क्रिया त्या संगणकांवर घडणार असते. साहजिकच तीमधील तारकाचिन्हही तेथेच उलगडेल असे वाचणाऱ्यास वाटते. दूरच्या फाईलींवर आवर्तन करावयाचे असल्यास ‘फाइंड’ मॉड्यूल वापरावे, हे अँसिबलच्या दस्तऐवजात सांगितलेले आहे. पण ते शेवटच्या टिपांमध्ये. वास्तविक त्या वाक्याची जागा पहिल्या ओळीत असावयास हवी होती.

ही चूक पकडली का जात नाही, हे अधिक विचारार्ह आहे. फाईलग्लोबला काही जुळले नाही तर तो रिकामी यादी देतो, व रिकाम्या यादीवरील आवर्तन म्हणजे काहीच न करणे. अहवालात ते काम वगळले गेल्याची नोंद होते, अपयशाची नव्हे. सी शेलचा चटकन मिळणारा नकार येथे नाही. दुसरे असे की पुष्कळ जण नवी सूचना प्रथम स्वतःच्याच संगणकावर तपासून पाहतात. त्या वेळी नियंत्रक व लक्ष्य एकच असल्यामुळे फाईलग्लोब अगदी बरोबर उत्तर देतो. चाचणी जितकी सोयीची, तितकी या बाबतीत ती फसवी. तिसरी शक्यता सर्वांत घातक होय : नियंत्रकावरील त्याच डिरेक्टरीत काही जुळणाऱ्या फाईली असतात. मग त्यांच्या नावांची यादी घेऊन दूरच्या चाळीस संगणकांवर काम सुरू होते. योगायोगाने तीच नावे असलेल्या फाईली नाहीशा होतात, ज्या नावाची फाईल तेथे नाही तिच्याबाबत ‘अपेक्षित स्थिती आधीच आहे’ असा निर्वाळा मिळतो, आणि नियंत्रकावर नसलेल्या परंतु दूर असलेल्या फाईली सुखरूप राहतात. सुरक्षेच्या कारणास्तव एखादी जुनी फाईल सर्वत्र हटविणे आवश्यक असेल, तर असा हिरवा अहवाल हाती असणे हे अहवालच नसण्यापेक्षा वाईट.

आरंभीच्या वर्षांत व्यवस्थापकांनी यावर स्वतःच्या वाटा काढल्या. शेल मॉड्यूलमधून ‘एलएस’ ही आज्ञा नमुन्यासह चालवावयाची, तिचे उत्तर साठवून ठेवावयाचे आणि त्यातील एकेका ओळीवर आवर्तन करावयाचे. येथे ‘कमांड’ मॉड्यूल चालत नाही, कारण ते शेलशिवाय आज्ञा चालविते व तारकाचिन्ह उलगडणारे कोणी उरत नाही. ही वाट बहुधा काम भागविते; परंतु युनिक्समध्ये फाईलच्या नावात तिरपी रेघ व शून्य बाइट वगळता कोणतेही चिन्ह, अगदी नवी ओळसुद्धा, चालते. ओळींवर विसंबणाऱ्या यादीस अशा नावाचे दोन तुकडे होतात. शिवाय केवळ पाहणी करणारी ही पायरी दर खेपेस ‘बदल झाला’ असे नोंदविते, आणि तसे नोंदवू नये हे वेगळे लिहून ठेवावे लागते.

जानेवारी २०१६ मधील अँसिबल २.० आवृत्तीत ‘फाइंड’ मॉड्यूल दाखल झाले. १९७० च्या दशकातील त्याच नावाच्या युनिक्स आज्ञेची ही आठवण असली, तरी ते पायथनमध्ये स्वतंत्रपणे लिहिलेले आहे. ते दूरच्या संगणकावर जाते, डिरेक्टरी वाचते, नमुना तेथेच लावते आणि प्रत्येक फाईलचा पूर्ण मार्ग, आकार, परवानग्या व बदलाची वेळ यांसह एक नीटस यादी परत आणते. ती यादी साठवून पुढील पायरीत तिच्यातील एकेका मार्गावर आवर्तन करावयाचे. २०१८ च्या २.५ आवृत्तीपासून त्यासाठी ‘लूप’ हा शब्द आला. पहिली फेरी विचारण्याची, दुसरी करण्याची, अशी ही दोन फेऱ्यांची पद्धत आहे. प्रत्येक संगणकाची यादी वेगळी राहते, हा तिचा मोठा गुण.

फाइंडचेही स्वतःचे आग्रह आहेत. बिंदूने आरंभ होणारी नावे ते सांगितल्याशिवाय विचारात घेत नाही. ही शेलचीच परंपरा. उपडिरेक्टऱ्यांत शिरण्यासही वेगळी आज्ञा लागते. पण एका ठिकाणी ते शेलपासून फारकत घेते. फाईलचा प्रकार न सांगितल्यास ते केवळ साध्या फाईली मोजते, सांकेतिक दुवे नव्हे. डेबियनवरील अपाचे वेबसर्व्हरच्या ‘साइट्स-एनेबल्ड’ डिरेक्टरीत नेहमी असतात ते असे दुवेच. तेथे शेलमधील ‘*.कॉन्फ’ सर्व नावे दाखवील. फाइंड मात्र शून्य फाईली जुळल्याचे शांतपणे कळवील. या मॉड्यूलच्या उत्तरात जुळलेल्या फाईलींची संख्या असते. जेथे शून्य हे उत्तर संशयास्पद आहे, तेथे ती संख्या तपासून शून्य आल्यास काम थांबविणारी एक पायरी मध्ये घालणे उचित. जुन्या ग्लोबचे ‘काही जुळले नाही’ हे वाक्य अशा रीतीने व्यवस्थापकाला स्वतःच लिहावे लागते.

आवर्तनाचा खर्चही विसरता येत नाही. यादीत तीनशे फाईली असल्यास दुसरी फेरी ही वस्तुतः तीनशे फेऱ्या असतात, कारण दर खेपेस मॉड्यूल नव्याने चालविले जाते. केवळ काढून टाकावयाच्याच फाईली असतील, तर दूरच्या संगणकावर युनिक्सची मूळ फाइंड आज्ञा एकदाच चालविणे पुष्कळ वेळा शहाणपणाचे ठरते. मात्र तेथे काय काय गेले याची नोंद मिळविण्याची व्यवस्था स्वतः करावी लागते.

एससीपीतील उत्तरकांड

अँसिबल ज्या एसएसएचच्या पाठीवर प्रवास करते, त्याच्याच घरात दरम्यान हा जुना प्रश्न पुन्हा उघडला. दूरच्या सर्व्हरने नमुना उलगडून जी नावे पाठवावीत ती एससीपी निमूटपणे स्वीकारीत असे. सर्व्हर कपटी असेल तर मागितलेल्या फाईलींऐवजी भलत्याच फाईली तो पाठवू शकेल आणि त्या वापरकर्त्याच्या डिरेक्टरीत लिहिल्या जातील, ही उणीव २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या ओपनएसएसएच ८.० मध्ये, आलेले नाव मागितलेल्या नमुन्यात बसते की नाही याची पडताळणी ग्राहकाच्या बाजूला सुरू करण्यात आली. म्हणजे आता एकच नमुना दोन ठिकाणी वाचला जाऊ लागला. दोघांचे वाचन भिन्न असल्यास हव्या असलेल्या फाईलीही नाकारल्या जातील, याची जाणीव कर्त्यांना होती. म्हणून ही पडताळणी बंद करण्याची सोयही त्यांनी सोबतच दिली.

एप्रिल २०२२ मधील ओपनएसएसएच ९.० ने एससीपीच्या जुन्या संदेशपद्धतीस बाजूला सारून ‘एसएफटीपी’ ही पद्धत मूलभूत केली. दूरच्या शेलकडून होणारा नमुन्यांचा विस्तार आणि त्यापायी करावी लागणारी दुहेरी अवतरणे, हे त्यामागील घोषित कारण होते. एसएफटीपीत पलीकडे शेल नसतोच. ग्राहक दूरच्या डिरेक्टरीतील नावे मागवितो आणि नमुना स्वतःच लावतो : नावे तेथील, नियम येथील. हे करताना एक जुनी सवय मात्र अडली. वापरकर्त्याच्या घरडिरेक्टरीसाठी लिहिले जाणारे ‘~’ हे चिन्ह आजवर दूरचा शेलच उलगडीत आला होता, आणि एसएफटीपीत त्यासाठी शब्दच नव्हता. ओपनएसएसएच ८.७ पासून सर्व्हरला त्याकरिता एक पुरवणी देण्यात आलेली आहे. ती नसलेल्या जुन्या सर्व्हरशी बोलताना पूर्ण मार्ग हाताने लिहावा लागतो, अथवा विशेष खूण देऊन जुनी संदेशपद्धत परत बोलवावी लागते.